ताप एकच, धाप वेगळी

तापाची साथ आली की पहिला प्रश्न विचारला जातो तो विषाणूच्या नावाचा. 2009 साली ‘स्वाइन फ्लू’ या शब्दाने पुण्यातल्या औषधांच्या दुकानांतले मास्क संपवले, 2023 च्या मार्चमध्ये ‘एच3एन2’ सगळ्यांच्या तोंडी झाला आणि 2025 च्या जानेवारीत ‘एचएमपीव्ही’ने घराघरांत धाकधूक निर्माण केली. या शेवटच्या विषाणूची ओळख नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी 2001 मध्येच पटवली होती आणि त्याआधीही तो कित्येक दशके माणसांत वावरत होता. भीती मात्र नव्याने आली. नाव कळले की भीतीला चेहरा मिळतो, पण आजाऱ्याचे पुढे काय होणार हे नावावरून क्वचितच कळते. ते ठरते आजारी कोण आहे यावरून. दोन महिन्यांचे तान्हे बाळ, सातव्या महिन्यातली गरोदर बाई, मधुमेह असलेले सत्तरीचे आजोबा आणि कॉलेजात जाणारा धडधाकट मुलगा यांच्या नाकात एकाच आठवड्यात एकच विषाणू शिरला, तरी चौघांचे चार आजार होतात. सिव्हिलच्या तातडीच्या विभागात ते चार वेगवेगळ्या तक्रारी घेऊन येतात आणि त्यांच्या हाताशी असलेला वेळही सारखा नसतो. म्हणून सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मोसमी तापाची तयारी करायची, तर विषाणूच्या नावाऐवजी माणसाच्या वयापासून आणि अवस्थेपासून सुरुवात करायला हवी. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे, आणि त्याला आधार देणारा पुरावा आपल्या भागातही आहे.

आधी मोसमाचा हिशेब करू. सर्दी-तापाचे विषाणू म्हणजे थंडीतले पाहुणे, ही समजूत युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांतून आली. तिथे ती खरी आहे. भारतात देशभरच्या प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इन्फ्लुएन्झाचे वेळापत्रक निराळे दिसले. श्रीनगरला त्याचा जोर जानेवारी ते मार्चमध्ये, तर देशाच्या बहुतेक भागांत तो पावसाळ्यात, जून ते सप्टेंबरमध्ये. आपल्याकडे हिवाळ्याच्या शेवटी आणखी एक लाट येऊ शकते, आणि ती नेहमी लहान असते असेही नाही. 2015 च्या सुरुवातीच्या महिन्यांत स्वाइन फ्लूच्या एच1एन1 ने देशभर मोठा तडाखा दिला होता. तरी नेमाने येणारा काळ पावसाचाच. मृगाच्या सरी पडतात, जूनच्या मध्यावर शाळा भरतात, माणसे दारे-खिडक्या लावून घरात बसतात. याच सुमारास ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण अशी सातारा जिल्ह्यातून जाते आणि हजारो वारकरी एकाच तंबूत, एकाच शाळेच्या वर्गात शेजारी-शेजारी झोपतात. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा चढली, की 2019 आणि 2021 प्रमाणे सांगलीतली कुटुंबेच्या कुटुंबे मंगल कार्यालयांत आणि शाळांत मुक्कामाला जातात. श्वासातून पसरणाऱ्या विषाणूला याहून सोयीचे दिवस मिळणार नाहीत.

लागण होणे आणि आजार गंभीर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाचगणीने 2009 मध्येच दाखवून दिले. त्या वर्षी जूनच्या अखेरीपासून जुलैच्या अखेरीपर्यंत तिथल्या एका निवासी शाळेत तापाची साथ होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. घशातील नमुन्यांत महामारीचा एच1एन1 सापडला आणि शाळेतल्या सुमारे 71 टक्के विद्यार्थ्यांना फ्लूसारखा ताप येऊन गेल्याचे दिसले. दहांतली सात मुले आजारी पडावीत, इतका वेग एकत्र राहण्या-झोपण्यामुळे येतो. शाळकरी मुलांच्या शरीराने आधी फार विषाणू पाहिलेले नसतात, त्यांच्या नाका-घशातून विषाणू अधिक दिवस बाहेर पडतो आणि ती एकमेकांच्या जवळ असतात. त्यामुळे साथीला पळवतात ती मुलेच. पण या वयाची बहुतेक मुले चार-पाच दिवसांत उठून खेळायला लागतात. विषाणू त्यांच्या दप्तरातून घरी येतो आणि घरात पाळण्यात बाळ असते, खाटेवर आजी असते. तातडीच्या विभागात गर्दी होते ती या दुसऱ्या फेरीत. म्हणूनच साथीचा जोर शाळेच्या हजेरीपटावर आधी दिसतो आणि दवाखान्याच्या खाटांवर नंतर. हा मधला अवधी आपल्या कामाचा आहे, पण आपण तो सहसा वाया घालवतो.

तान्ह्या बाळाचे गणित पूर्णपणे श्वासनळीच्या आकाराचे आहे. नळी अरुंद झाली की हवेला होणारा अडथळा साध्या प्रमाणात वाढत नाही, तो कित्येक पटींनी वाढतो. चार मिलिमीटर व्यासाच्या नळीला आतून सगळीकडे एक मिलिमीटर सूज आली, तर व्यास निम्मा होतो आणि अडथळा सुमारे सोळा पट होतो. तीच सूज आठ मिलिमीटरच्या नळीला आली, तर अडथळा सुमारे तिप्पट होतो. मोठ्या माणसाचे पडसे बाळाच्या जिवावर बेतते ते असे. त्यात लहान बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेते. नाक चोंदले की त्याला दूध ओढता येत नाही, म्हणजे धाप आणि उपास एकाच वेळी सुरू होतात. या वयात सर्वांत मोठा वाटा आरएसव्ही नावाच्या विषाणूचा असतो. 2019 सालच्या जागतिक अंदाजानुसार पाच वर्षांखालील सुमारे 36 लाख मुले त्याच्यामुळे रुग्णालयात दाखल झाली आणि एक लाखाहून अधिक दगावली. त्यांतले जवळपास निम्मे मृत्यू सहा महिन्यांच्या आतल्या बाळांचे होते. अशा बाळाला प्रतिजैविकांचा उपयोग नसतो. त्याला लागतो तो प्राणवायू, नाक साफ करणे आणि पोटात दूध किंवा शिरेतून पाणी जाणे. तातडी ओळखायला यंत्रही लागत नाही. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा त्याहून अधिक, एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक आणि पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास भरले, तर ते धोक्याचे. छाती आत ओढली जाते, बाळ अंगावर पीत नाही, ओठ निळसर दिसतात, यांतले काहीही दिसले तर सकाळपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

गरोदर बाईची गोष्ट याहून वेगळी. वाढलेले गर्भाशय छातीखालचा पडदा वर ढकलते, फुप्फुसाला फुलायला जागा कमी पडते, दोन जिवांसाठी प्राणवायू जास्त लागतो आणि बाळाला सांभाळून घेण्यासाठी प्रतिकारशक्तीचे कामही बदललेले असते. 2009 च्या साथीत अमेरिकेत एकूण लोकसंख्येत गरोदर स्त्रिया एक टक्क्याच्या आसपास होत्या, मृत्यूंमध्ये मात्र त्यांचा वाटा सुमारे पाच टक्के होता. त्या साथीने आणखी एक समजूत मोडली. जगभर त्या वर्षी झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे 80 टक्के 65 वर्षांखालील माणसांचे होते, असा नंतरचा अंदाज आहे. नेहमीचा फ्लू म्हाताऱ्यांना नेतो, मग त्या वर्षी कर्ती माणसे का गेली? कारण 1957 च्या आधी जन्मलेल्या अनेकांच्या शरीराने बालपणी त्याच कुळातला विषाणू पाहिलेला होता. तरुणांच्या शरीराला ती ओळख नव्हती. धोक्यातला गट कायमचा ठरलेला नसतो. त्या विषाणूशी कोणत्या पिढीची गाठ आधी पडली होती यावर तो सरकतो. तरुण माणसात लक्ष ठेवायची खूण वेगळी असते. ताप उतरतो, बरे वाटते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तो पुन्हा चढतो, सोबत छातीत दुखते आणि दम लागतो. विषाणूने सोलून काढलेल्या फुप्फुसात तेव्हा जिवाणू शिरलेले असू शकतात, आणि प्रतिजैविकांची खरी गरज असते ती इथे.

ज्येष्ठांचा फ्लू सर्वांत फसवा. उतारवयात शरीर तापाने पेटून उठत नाही, त्यामुळे थर्मामीटर निर्धास्त करतो आणि आजार आतून वाढत राहतो. आजोबा असंबद्ध बोलू लागतात, जेवणावरची वासना जाते, न्हाणीघरात तोल जाऊन पडतात. घरचे त्यांना पडल्याची जखम दाखवायला आणतात आणि मूळ कारण फुप्फुसात असते. हृदयाचेही तसेच. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातला 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका एरवीपेक्षा सुमारे सहा पट असतो. तो माणूस तातडीच्या विभागात हृदयरोगी म्हणून नोंदला जातो, फ्लूच्या आकड्यात तो येतच नाही. दमेकऱ्यांत साध्या पडशाचा ऱ्हायनोव्हायरससुद्धा झटका आणतो; शाळा उघडल्यावर काही आठवड्यांत बाळदम्याची मुले वाफ घ्यायला येऊ लागतात, हे अनेक देशांत दिसलेले चित्र आहे. आपल्याकडे त्यात चुलीची भर पडते. आयुष्यभर सरपण आणि शेणी जाळून स्वयंपाक केलेल्या बाईने कधी विडी ओढलेली नसते, तरी तिचे फुप्फुस जुन्या धूम्रपान करणाऱ्यासारखे झालेले असू शकते. पुण्यातल्या संदीप साळवींसारख्या फुप्फुसरोगतज्ज्ञांनी चुलीच्या धुराकडे जगाचे लक्ष वेधले ते यासाठीच. अशा बाईला नेहमीचा खोकला कोणता आणि धोक्याचा कोणता हे सांगता येत नाही, म्हणून ती उशिरा येते.

उशिरा येणाऱ्यांचा आणि न येणाऱ्यांचा विचार केल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. रुग्णालयाच्या दारात उभे राहून मोजले, तर पोहोचलेले तेवढे मोजले जातात. मिरजेला 1894 पासूनचे वानलेस रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कराडला कृष्णा रुग्णालय, साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय आहे. महामार्गाला लागून असलेल्या गावांसाठी ही अंतरे मोठी नाहीत. पण कोयनेच्या जलाशयापलीकडल्या कांदाटी खोऱ्यातल्या वस्तीवरून मुसळधार पावसात निघायचे, तर आधी लाँच आणि मग घाट. जत किंवा आटपाडीच्या टोकाच्या वाडीला पाऊस आडवा येत नाही, अंतर येते. 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका आली आणि खूप काही सुधारले, तरी रुग्णवाहिका बोलावण्याचा निर्णय घरातच घ्यावा लागतो. तो निर्णय सर्वांत कठीण जातो ऊसतोड मजुरांना. दिवाळीनंतर बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून आलेली जोडपी कारखान्यांच्या परिसरात कोप्या बांधून राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस काम चुकले की खाडा पडतो, उचल फिटत नाही. पहाटेच्या थंडीत बाळ फडाच्या कडेला झोपवलेले असते आणि कोपीत चुलीचा धूर कोंडलेला असतो. थंडीतल्या विषाणूंचा सगळा मार या बाळांना झेलावा लागतो, आणि ज्या गावात ती आहेत त्या गावच्या आशाताईच्या यादीत त्यांचे नाव असेलच असे नाही. अशा न दिसणाऱ्या आजाराचे मोल मेळघाटाने दाखवले आहे. तिथे आशिष सातव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन दोन वर्षांखालील मुलांतल्या आरएसव्हीचा माग काढला, तेव्हा रुग्णालयापर्यंत न पोहोचता गावातच झालेले मृत्यू समोर आले. कोणत्याही रुग्णालयाच्या नोंदवहीतून ते दिसले नसते.

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांकडूनच येईल. प्रत्येक पडशाला तातडी म्हटले, तर तातडीचा विभाग बुडून जाईल आणि अपघातातल्या जखमीला कोणी पाहणार नाही. आक्षेप रास्त आहे आणि गटवार विचार हेच त्याचे उत्तर आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एच1एन1 च्या साथीत घालून दिलेली अ, ब, क ही विभागणी याच पायावर उभी आहे. सौम्य ताप-खोकला असलेला धडधाकट माणूस ‘अ’ गटात. त्याने घरी विश्रांती घ्यावी, इतरांपासून दूर राहावे. चाचणीची गरज नाही, फक्त एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहावे. तीव्र ताप आणि घसादुखी असलेले, किंवा लक्षणे सौम्य असूनही लहान मूल, गरोदर बाई, 65 पुढची व्यक्ती, मधुमेह, हृदय, फुप्फुस वा मूत्रपिंडाचा आजार असलेले ‘ब’ गटात. त्यांना चाचणीची वाट न पाहता ऑसेल्टामिवीर सुरू करता येते. धाप, छातीत दुखणे, गुंगी, कमी रक्तदाब, थुंकीतून रक्त, निळी नखे असलेले ‘क’ गटात आणि थेट रुग्णालयात. ही चाळणी गावच्या दवाखान्यात नीट लागली, तर ‘अ’ गटातली मोठी गर्दी सिव्हिलपर्यंत येणारच नाही. आज उलटे घडते. बावीस वर्षांचा तरुण सलाईन लावून घ्यायला रांगेत पहिला असतो आणि ताप नाही म्हणून आजी घरी असते.

दुसरा आक्षेप असा, की निदान पक्के झाल्याशिवाय औषध देणे अशास्त्रीय आहे. आधी चाचणी करावी. दाखल झालेल्या रुग्णाची आणि साथीवर नजर ठेवण्यासाठी निवडक नमुन्यांची चाचणी हवीच. त्याशिवाय कोणता विषाणू फिरतो आहे आणि लशीत काय बदलावे हे कळणार नाही. पण ऑसेल्टामिवीरचा सर्वाधिक उपयोग लक्षणे सुरू झाल्यापासून 48 तासांत होतो. नमुना जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन अहवाल परत येईपर्यंत ती वेळ हातची जाते. धोक्यातल्या माणसाला आधी औषध आणि मग अहवाल, हा क्रम म्हणूनच पुराव्याला धरून आहे. गंभीर रुग्णाला उशीर झाला असला तरी औषध द्यावे, हेही तितकेच खरे. तिसरा आक्षेप भावनेचा आहे आणि सर्वांत खोलवर रुजलेला आहे. आपली गावाकडची, कष्टाची माणसे काटक, त्यांना असले ताप काय करणार? 1918 च्या इन्फ्लुएन्झाने याचे उत्तर दिले आहे. त्या साथीत भारतात गेलेल्यांचा अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत केला जातो. मुंबई इलाखा सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांत होता, त्यात दख्खनचे शेतकरी जिल्हेही आले, आणि वीस ते चाळीस वयाची कष्टकरी माणसे, विशेषतः स्त्रिया, मोठ्या संख्येने गेल्या. अलीकडचे उदाहरण 2020 च्या मार्चमधले. इस्लामपुरात (आताच्या ईश्वरपुरात) एका कुटुंबापासून पसरलेल्या कोरोनाने पंचवीसच्या आसपास माणसांना गाठले, बहुतेक बरी झाली आणि धीर आला. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत मात्र राज्यात इतरत्र ओसर पडत असताना कोल्हापूर, सांगली, सातारा हे जिल्हे कितीतरी आठवडे झुंजत राहिले. काटकपणा आजार सोसायला बळ देतो, पण सोसण्याची सवयच दवाखान्यात जायला उशीर करते.

तयारीचे वेळापत्रक यातूनच निघते. पावसाळ्यात जोर असेल, तर फ्लूची लस एप्रिल-मेमध्ये घ्यायला हवी. संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात आणि काही महिन्यांत ते उतरू लागते. परदेशातल्या नातेवाइकांचे ऐकून ऑक्टोबरात घेतलेली लस आपल्या मुख्य लाटेला चुकते. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने गरोदर माता, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ही लस ऐच्छिक आणि मोफत ठेवली आहे, हे किती घरांत माहीत आहे? गरोदरपणी घेतलेल्या लशीचा लाभ पोटातल्या बाळालाही मिळतो, आणि तो मोलाचा आहे, कारण सहा महिन्यांच्या आत बाळाला स्वतःची फ्लूची लस देता येत नाही. शाळेत एका वर्गातली पाच-सहा मुले एकाच आठवड्यात गैरहजर राहिली, की मुख्याध्यापकांचा एक फोन प्राथमिक आरोग्य केंद्राला जावा. त्या दिवसापासून आशाताईंनी आपल्या यादीतली तान्ही बाळे, गरोदर बाया आणि एकटे राहणारे वृद्ध यांच्या दारात एकदा डोकावावे. गळीत हंगामात त्या यादीत कोप्यांचीही भर पडावी. कोरोनाच्या काळात घरोघर घेतलेले ऑक्सिमीटर कपाटात पडून आहेत. सेल बदलून ते बाहेर काढावेत आणि आकडा 94 च्या खाली गेला तर घरगुती उपाय थांबवावेत. यातल्या कुठल्याच गोष्टीला नवे यंत्र किंवा नवी इमारत लागत नाही. पुढच्या पावसाळ्यात कोणत्या नावाचा विषाणू येईल हे आज कोणालाच सांगता येणार नाही, पण तो कोणाच्या घरात जीवघेणा ठरू शकतो हे आपल्याला आजच ठाऊक आहे. ती घरे आपल्याच गल्लीत आहेत, आणि पहिली सर येण्याआधी त्यांच्या दारापर्यंत जाणे आपल्या हातात आहे.